जगातल्या बायका फोटोग्राफर : शाळेतल्या प्रदर्शनात कुणाकुणाला घ्यावं, मुलींकडून काय करून घ्यावं?

मलप्रभाकाठ :
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, प्रदर्शन लावायचं ठरलंय. विषय : जगातल्या बायका फोटोग्राफर. आठवी ते दहावीच्या ४० मुली आहेत. हॉल ३० बाय १८ फूट, वर कौलं, भिंतींना चुना, एका बाजूला चार खिडक्या. शेजारच्या कन्नड शाळेतली पोरंही बघायला येणार, म्हणून फोटोखालच्या पट्ट्या दोन्ही भाषांत हव्यात.

विचारायचं ते असं. कुणाकुणाचे फोटो घ्यावेत? नेटवरच्या सगळ्या याद्या एकमेकींची नक्कल केल्यासारख्या दिसतात. छापायला परवानगी लागते का? प्रिंट कशावर काढाव्यात, चुन्याच्या भिंतीवर टिकवायच्या कशा? आणि नुसतं बघून घरी जाण्यापेक्षा मुलींच्या हाताला काही काम देता येईल का? कॅमेरा शाळेत नाही, शिक्षकांचे चार-पाच मोबाईल आहेत.

जुनी_निगेटिव्ह :
ताई, याद्या सारख्याच दिसतात कारण सगळ्यांत ‘पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक’ एवढंच असतं. तशी पट्टी लावलीत की पोरी पट्टी वाचून पुढे सरकतील, फोटो बघणार नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकीनं हातातल्या साधनाचं काय केलं ते दिसू द्या. मुख्य भिंत चौघींची करा आणि बाकीच्यांना टेबलावर जागा द्या. ३० फुटांच्या भिंतीवर १८ ते २० फोटो पुरे. चाळीस लावले तर तो कॅलेंडरचा स्टॉल होतो.

पहिली ॲना ॲटकिन्स (१७९९–१८७१). इंग्लंडमधली वनस्पती अभ्यासणारी बाई. हिनं कॅमेरा वापरलाच नाही. वाळवलेलं समुद्रशेवाळ रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचं, वर काच, आणि उन्हात. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये सायनोटाइपची, म्हणजे उन्हात निळा छाप उमटवायची रीत शोधली. तो तिच्या वडिलांचा स्नेही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८४३ मध्ये, तिनं ब्रिटिश शेवाळांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचाच मान आहे. फोटोग्राफीच्या जनकांतल्या टॅलबॉटचं प्रसिद्ध पुस्तक १८४४ चं, म्हणजे त्यानंतरचं. बरं, मजकूरसुद्धा तिनं हातानं लिहून त्याच निळ्या रीतीनं छापलाय. एकेक पान हातानं काढत काम दहा वर्षं चाललं.

दुसरी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५, कलकत्ता. मृत्यू १८७९, सिलोन. डिसेंबर १८६३ मध्ये मुलीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला तेव्हा वय ४८. कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. तेव्हाची रीत ओल्या कोलोडियनची. काचेवर चिकट द्राव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि काच ओली आहे तोवरच फोटो काढून डेव्हलपही करायचा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत. समोरच्या माणसानं काही मिनिटं हलायचं नाही. थोडं हललं की चेहरा मऊ उमटायचा, आणि बाईंनी तो मऊपणा खोडला नाही, ठेवला. फोकस चुकलाय, काचेवर बोटांचे ठसे आहेत म्हणून तेव्हाच्या तज्ज्ञांनी नाकं मुरडली. १८६७ चा हर्शेलचा चेहरा लावाच. शेजारी ॲटकिन्सची निळी पानं असतील तर दोघी आपोआप जोडल्या जातात.

तिसरी फ्रान्सेस बेंजामिन जॉन्स्टन (१८६४–१९५२). हिची १८९९ ची अमेरिकेतल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूट या शिक्षणसंस्थेची मालिका घ्या. कृष्णवर्णीय मुलंमुली विज्ञान शिकतायत, सुतारकाम करतायत, आणि एकूण एक चेहरा, हात, अवजार स्पष्ट. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही मालिका होती. आपल्या मुलींना वर्गाचाच फोटो बघायला मिळतो, म्हणून ही शाळेत चांगली रुजते. तिचा १८९६ चा स्वतःचाच फोटोही भारी आहे, पण एका हातात सिगारेट आणि दुसऱ्यात बियरचा मग. तो लावायचा की नाही ते हेडमास्तरांना विचारून ठरवा.

चौथी डोरोथिया लँग (१८९५–१९६५). मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. तंबूत एक आई, खांद्यांना बिलगलेली पोरं. हा एकच फोटो लावू नका. त्या मालिकेतले लांबून काढलेले फोटोही मिळतात. ते ओळीनं लावले की ही बाई मोठा ग्राफ्लेक्स कॅमेरा घेऊन पावलापावलानं कशी जवळ गेली ते दिसतं. शिकवण्यासारखं त्यातच आहे.

परवानगीचं : २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे फोटोलाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. या चौघी त्यातून मोकळ्या आहेत. लँगचे हे फोटो तर सरकारी नोकरीतले, म्हणून अमेरिकेत पहिल्यापासून मुक्त. फाईल गूगलच्या इमेजमधून उचलू नका. लँग आणि जॉन्स्टनसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस, कॅमेरॉनसाठी न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम किंवा गेटी, ॲटकिन्ससाठी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी. चारही ठिकाणी फुकट आणि मोठ्या फाईली. लायब्ररी ऑफ काँग्रेसवर एकाच फोटोच्या तीन-चार आकारांच्या फाईली असतात, त्यातली सगळ्यात जड टिफ घ्या.

निपाणीची_अक्का :
चौघी बरोबर आहेत, पण चारही गोऱ्या आणि चौघींतली शेवटची १९६५ ला गेलेली. पोरींना वाटेल हे काम तिकडच्यांचं. आपल्याकडची वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला हवीच हो! जन्म १९१३, नवसारी. शिक्षण मुंबईत, जे. जे. मध्ये. १९४२ पासून दिल्लीत, साडी नेसून, खांद्यावर स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स कॅमेरे. जून १९४७ च्या बैठकीत फाळणीच्या बाजूनं हात वर करणारे पुढारी तिनं टिपलेत. २०११ ला पद्मविभूषण, २०१२ ला वडोदऱ्यात मृत्यू. म्हणजे हक्क अजून बरीच वर्षं आहेत. फोटो छापू नका. सबीना गडिहोक यांचं तिच्यावरचं इंग्रजी पुस्तक बेळगावातल्या एखाद्या कॉलेजच्या लायब्ररीतून मागवून टेबलावर उघडं ठेवा. पुस्तक ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि पट्ट्यांवर नावाचा धागा घ्या, मी तर म्हणते सगळं प्रदर्शन त्याच्यावरच गुंफा. ॲटकिन्सनं पुस्तकावर नुसतं ‘ए. ए.’ लिहिलं, तर नंतरच्या एका संग्राहकाला वाटलं ते ‘अनामिक हौशी’ असेल. होमाईचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून आले. पुढे ती ‘डालडा १३’ झाली, कारण गाडीचा नंबर डीएलडी १३. युद्धाचे फोटो काढणारी गेर्डा टारो जुलै १९३७ मध्ये स्पेनच्या लढाईत ब्रुनेतेजवळ गेली, सत्तावीसही पुरी नव्हती. तिचे कितीतरी फोटो तिचा जोडीदार फोटोग्राफर रॉबर्ट कापा याच्या नावावर चालले. २००७ मध्ये मेक्सिकोत सापडलेल्या पेटीत त्या दोघांच्या आणि चिम नावाच्या तिसऱ्या फोटोग्राफरच्या मिळून साडेचार हजारांच्या आसपास निगेटिव्ह निघाल्या, तेव्हा कुणाचं काय ते बरंचसं लागलं. आणि लँगच्या फोटोतली आई? तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. लँगनं नाव विचारलंच नव्हतं, जगाला ते १९७८ मध्ये कळलं. जगभर छापल्या गेलेल्या त्या फोटोचा एक पैसा तिला मिळाला नाही. हे पट्टीवर लिहायलाच पाहिजे, नुसतं ‘महान छायाचित्र’ नको.

जुनी_निगेटिव्ह :
अक्का, नावाचा मुद्दा मान्य, होमाईही मान्य. पण सगळं प्रदर्शन तक्रारीवर नको गुंफायला. लँगचं दुसरंही सांगा : ती फोटोबरोबर ठिकाण, तारीख, मजुरी किती, माणूस काय बोललं हे लिहून ठेवायची. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत नेलं, तेव्हाचे तिचे फोटो लष्करानं अडवून ठेवले. आज ते पुरावा म्हणून उभे आहेत. आणि पूर्ण खरं सांगायचं तर त्या प्रसिद्ध फोटोच्या निगेटिव्हवर तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा नंतर पुसवून घेतलाय. उजवा खालचा कोपरा मोठा करून बघा, अंधूक दिसतो. मुलींना तो शोधायला लावा, दहा मिनिटं फोटोसमोरून हलणार नाहीत.

निपाणीची_अक्का :
अंगठ्याचं घेतलं! मग टेबलावर अजून तिघी. गौरी गिल : २००३ मध्ये राजस्थानात लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात तिनं फोटोचा तंबू लावला. मागे पडदा, थोड्या वस्तू, आणि कसं उभं राहायचं ते मुलींनीच ठरवायचं. तुमच्या पोरींच्या वयाच्याच मुली, म्हणून हे आधी दाखवा. पुष्पमाला एन. : बेंगळुरूची, १९५६ चा जन्म. क्लेअर आर्नीबरोबर २०००–२००४ मध्ये तिनं दक्षिण भारतातल्या बायकांच्या जुन्या चित्रांची स्वतः वेश करून पुन्हा उभारणी केली, त्यात रविवर्म्याची लक्ष्मीही आहे. ते कॅलेंडर आपल्याकडं घराघरात असतं, त्यामुळं गंमत लगेच कळते. आणि कन्नड शाळेतली पोरं ‘आमच्याकडची’ म्हणून खूश. तिसरी केतकी शेठ, मुंबईची. तिचं २०१३ चं पुस्तक सिद्दी समाजावर आहे. खानापूर-हल्याळच्या रानात सिद्दी वस्त्या आहेतच, वर्गात एखादी मुलगी त्या समाजातली असली तर नवल नाही. पट्टी लिहिताना तेवढं भान ठेवा.

मार्गारेट बर्क-व्हाइटचा चरख्याजवळचा गांधीजींचा फोटो १९४६ चा, पुण्यातला. कुणीतरी लावायला सांगणारच. ती १९७१ ला गेली, अजून मोकळा नाही.

निळाई :
हाताला काम हवं तर ॲटकिन्सचीच रीत करा. डार्करूम नको, कॅमेरा नको. तुमच्याकडं डिसेंबरअखेर ऊन स्वच्छ असतं. पावसाळ्यात जांबोटीकडं हेच काम हाती घेतलं तर कागद वाळायच्या आत बुरसतो.

रसायनं दोनच. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरव्या जातीचं (तपकिरी मिळालं तर ऊन जास्त लागतं). आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. इथंच पहिली चूक होते. दुकानदार फेरोसायनाइड देतो. फेरी असेल तर खडे लालसर केशरी, फेरो असेल तर फिकट पिवळे. फेरो घातलंत तर मिसळल्या मिसळल्या सगळं निळं होतं आणि काम संपलं.

द्राव अ : सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. द्राव ब : फेरीसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत. अ च्या बाटलीत आठवड्याभरात बुरशी धरते, म्हणून आदल्या दिवशी करा आणि गाळून घ्या. कामाच्या वेळी अ आणि ब समान मिसळायचे. ए-५ कागदाला साधारण अडीच मिली लागतात. ४० मुली, प्रत्येकी दोन कागद, म्हणजे २०० मिली. सांडलवंड आणि चाचण्या धरून दीडपट करा : सायट्रेट साडेसदतीस ग्रॅम, फेरीसायनाइड १५ ग्रॅम, पाणी दीडशे-दीडशे मिली.

कागद वॉटरकलरचा, २०० जीएसएमच्या वरचा. झेरॉक्सचा कागद धुताना फाटतो. काही ड्रॉइंग पेपरांत खडूसारखा क्षार मुरवलेला असतो, तो निळ्याला खातो. एक पट्टी रंगवून तासभर अंधारात ठेवा. पिवळट हिरवी राहिली तर कागद चांगला, अंधारातच निळसर पडली तर दुसरा घ्या.

लावायला स्पंजचा ब्रश. साध्या ब्रशला लोखंडी पट्टी असते, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. लोखंड लागलं की निळे ठिपके आलेच. त्याच कारणानं घमेलं, लोखंडी परात काही वापरू नका, प्लास्टिकचे ट्रे घ्या. खोलीच्या खिडक्यांना काळा कपडा, एक पिवळा कमी वॅटचा बल्ब. आधी आडवा हात, मग उभा हात. थारोळं साचू देऊ नका. साचलं तिथलं वाळताना सोलून निघतं. दोरीला लावून अंधारात पूर्ण वाळवा, साधारण एक तास. ओलसर कागदावर पान ठेवलं तर पानाला डाग, कागदालाही डाग. रंगवलेला कागद त्याच दिवशी संपवा.

पानं दोन दिवस रद्दीत दाबून घ्या. ओल्याचे ठिबके उमटतात. नेचा सर्वांत सुंदर, तो ओढ्याकाठी डिसेंबरातही मिळतो. शेवगा, चिंच, आवळा, गवताचे तुरे, पिंपळाची जाळीदार पानं, पिसं. तंबाखूचं पान घेऊन येईल कुणीतरी, त्याचा नुसता पांढरा ढब्बा होतो. भीमगड अभयारण्यातलं मात्र काही तोडून आणायला सांगू नका.

साचा : खाली प्लायवूड, त्यावर कागद, पान, वर ६ बाय ९ इंचांची ४ मिमी काच, चार बाजूंना बाइंडर क्लिप. काचेच्या कडा दुकानातूनच घासून आणा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात बोट कापतं. दहा साचे करा, मुलींच्या चार तुकड्या. एका तुकडीला धुण्यासकट अर्धा तास.

वेळ ११ ते २. सकाळी धुकं असतं, घाई करू नका. ऊन स्वच्छ असेल तर ८ ते १२ मिनिटं, पण आधी चाचणी. एका पट्टीवर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी थोडा सरकवा आणि धुऊन बघा. मोकळा भाग पिवळट हिरव्यातून निळसर होत राखाडी, ब्राँझसारखा दिसू लागला की काढा. निळं झालं म्हणून लगेच काढलं तर धुण्यात सगळं वाहून जातं. सगळ्यात जास्त फसतं ते इथंच. काच उन्हात हलवू नका, पानाच्या कडा दुहेरी होतात.

धुणं तीन ट्रेंत, मिळून दहा मिनिटं, पांढऱ्या भागातली पिवळी झाक पूर्ण जाईपर्यंत. गर्द निळा लगेच हवा असेल तर शेवटच्या ट्रेत लिटरभर पाण्याला एक झाकण हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमधलं. नसलं तरी चोवीस तासांत हवेनं आपोआप गडद होतो.

काळजी : हातमोजे, जुने कपडे, स्वयंपाकघरातलं भांडं नाही. फेरीसायनाइड हे नाव ऐकून पालक घाबरतील. आधीच समजावा की ते सायनाइडच्या विषासारखं नाही, त्यातला सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेला असतो. पण त्यावर तीव्र ॲसिड पडलं किंवा ते फार तापवलं तर विषारी वायू सुटतो. म्हणून संडास धुवायच्या ॲसिडची बाटली त्या खोलीतून बाहेर. आणि धुण्याचं पाणी आडाजवळ ओतू नका.

शाई_सनबोर्ड :
छपाईचं मी सांगतो. फ्लेक्स नको. स्वस्त पडतो, पण जवळून बघितलं की ठिपके दिसतात, आणि कॅमेरॉनचा मऊपणा फ्लेक्सवर निव्वळ धूसर दिसतो. डिजिटल फोटो प्रिंट १२ बाय १८ इंच, मॅट कागदावर, ३ मिमी सनबोर्डवर (हलका, कडक फोमचा बोर्ड) चिकटवून. चार खिडक्या आहेत म्हणता, तर चकचकीत लॅमिनेशन केलंत की फोटोच्या जागी खिडकीच दिसेल.

१२ बाय १८ ला फाईल निदान २४०० बाय ३६०० पिक्सेल हवी, ३६०० बाय ५४०० असली तर उत्तम. जुने फोटो त्या मापाचे नसतात. दुकानवाल्याला ‘फिल’ करू देऊ नका, डोकी कापतो. पांढरी मार्जिन सोडून ‘फिट’ म्हणून सांगा. ‘ऑटो करेक्शन’ बंद करायलाही सांगा, नाहीतर कॅमेरॉनचा तपकिरी रंग राखाडी होतो आणि ॲटकिन्सचा निळा जांभळा.

पट्ट्यांचं दुखणं वेगळंच. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडं जुनं कोरल (मांडणीचं सॉफ्टवेअर) असतं, त्यात युनिकोड टाकलं की मराठी जोडाक्षरं आणि कन्नडचे ओत्तक्षर फुटतात. दुकानात पुन्हा टाइप करायला दिलंत तर चुका नव्यानं. तुम्हीच वर्डमध्ये करा, पीडीएफ काढा, तीच छापायला द्या. कन्नड मजकूर कन्नड शाळेच्या मास्तरांकडून छापून आल्यावरसुद्धा एकदा वाचून घ्या. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, पट्टी ६० शब्दांच्या वर नको. मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी, एकाच मापात. एक मोठं, एक बारीक केलंत तर फोटो राहतील बाजूला.

चुन्याच्या भिंतीला डबल टेप धरत नाही, रात्रीत सगळं खाली. वाशापासून वाशापर्यंत सुतळी ताणा, तिच्यावरून दोन दोन दोरे खाली सोडा. सनबोर्डला मागून वरच्या बाजूला दोन इंच आत दोन भोकं. एकाच दोऱ्यावर टांगलंत तर वाऱ्यानं गरगर फिरतं. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटर धरतात मोठ्यांसाठी. शाळेत १३० धरा.

मलप्रभाकाठ :
एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तीन शंका. शाळेत बोअरचं पाणी आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो. ते चालेल का धुवायला? दुसरं, मुलींचे स्वतःचे चेहरे त्या निळ्यात छापता येतील का? तिसरं, कॅमेरॉनसारखा फोटो मोबाईलवर काढायला शिकवायचा तर नेमकं काय करायचं?

निळाई :
पांढरा थर म्हणजे पाणी जड आणि क्षाराकडं झुकलेलं. त्यात जास्त वेळ राहिलं तर निळा फिका पडतो. पहिल्या ट्रेत लिटरमागे दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, किंवा पाव चमचा लिंबूसत्व. एवढ्या सौम्य आंबटाला वरची ॲसिडची भीती लागू नाही. बाकी दोन ट्रे साध्या पाण्याचे, पण तासन् तास बुडवून ठेवू नका. पाइप गंजका असेल तर पहिलं लाल पाणी सोडून द्या. आणि कुणी पुढे छाप साबणानं पुसू नये, साबणानं निळं उडतं.

चेहरे छापता येतात. फोटो कृष्णधवल करा, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा, मग उलट करा म्हणजे निगेटिव्ह, मग आरशासारखा फिरवा. झेरॉक्सवाल्याकडून ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिक) लेझर प्रिंट. एका शीटची काळी शाई उन्हाला पुरत नाही, सगळं निळं होतं. म्हणून दोन शीट तंतोतंत जुळवून, कडेला टेप लावून. शाईची बाजू कागदाकडं. जुळवताना केसभर सरकलं तर डोळे चार दिसतात, खिडकीच्या काचेवर धरून जुळवा. आणि फोटोत नाव लिहिलेली पाटी धरायला सांगा. अक्षरं सुलटी आली की फिरवणं बरोबर झालंय हे लगेच कळतं. अक्कांच्या नावाच्या मुद्द्यालाही ते धरून आहे.

जुनी_निगेटिव्ह :
कॅमेरॉनचं असं. एकच खिडकी उघडी, बाकी तीन बंद. मुलगी खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकी तिच्या एका बाजूला, समोर नाही. मागे काळं कापड, तिच्यापासून चार फूट लांब, नाहीतर कापडाच्या सुरकुत्या दिसतात. ट्यूबलाइट बंद. मोबाईल स्टँडवर, नाहीतर विटांवर टेकवून. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, शटर एक सेकंद. फार पांढरं आलं तर खिडकीला पातळ धोतर लावा, शटर कमी करू नका. फोकस जवळच्या डोळ्यावर बोटानं पक्का करून ठेवा. टिचकीनं फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. ब्युटी मोड बंद, तो कातडीचा कागद करतो आणि वर मऊपणा आला असं वाटतं. खुर्चीला पाठ टेकून, श्वास सोडून मग थांबायचं. छाती भरून रोखला की खांदे वर चढतात. एक फोटो स्थिर, एक मुद्दाम किंचित मान हलवून. दोन्ही शेजारी ठेवले की कॅमेरॉनच्या टीकाकारांचा आणि तिचा वाद मुलींनाच सोडवता येईल.

दुसरा एक सोपा खेळ : अमेरिकेतली व्हिव्हियन मायर रस्त्यावरच्या माणसांचे फोटो रोलीफ्लेक्सनं काढायची, त्यात वरून खाली बघायचं असतं, कॅमेरा पोटापाशी. मोबाईल छातीच्या खाली धरून आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला की त्या उंच दिसतात. उभ्यानं काढला की टोपलीच दिसते. मावशींना आधी विचारायचं आणि नाव लिहून घ्यायचं.

निपाणीची_अक्का :
बुट्ट्या डोक्यावर घेतलेल्या बायका दिसल्या तर पोरींना ग्रासिएला इतुर्बिदेचा फोटो दाखवा. मेक्सिकोत हुचितानला, १९७९, डोक्यावर जिवंत इग्वाना (घोरपडीसारखे मोठे सरडे) घेऊन बाजारात आलेली बाई. मोबाईलवर दाखवा, छापू नका. हक्क इतुर्बिदेचा आहे.

आणि अजून एक : मुलींचे चेहरे हॉलमध्ये लावणार असाल तर घरून सही आणा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार असाल तर त्याची वेगळी. दोन्ही एकाच कागदावर घेऊ नका. हॉलला हो म्हणणारे पालक ग्रुपला नाही म्हणू शकतात.

मलप्रभाकाठ :
सह्यांचे दोन कागद करते. रसायन बेळगावहून पुढच्या आठवड्यात आणायचंय. दुकानदारानं फेरोच दिलं तर परत घेतो का?

निळाई :
फोडलेला डबा परत घेत नाहीत. दुकानातच झाकण काढायला लावा आणि रंग बघा. लालसर केशरी नसेल तर तिथंच ठेवून या.